पावसाचा वेग आणि गावची नाली

श्रोतेहो, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावी पाऊस किती झाला असे विचारले, म्हणजे 24 तासांचा आकडा सांगितला जातो. तो 65 मिलिमीटरवर गेला की अतिवृष्टीची नोंद होते, पंचनामे होतात, आणि महसूल खात्याच्या कामापुरते ते यथायोग्यच आहे. नाली बांधणाऱ्याला मात्र हा आकडा पुरत नाही, कारण त्याला पाऊस किती वेळात पडला हे हवे असते.

तेल्याच्या दुकानातील नरसाळे आठवा. डबाभर तेल बारीक धारेने सोडले तर थेंबही वाया जात नाही. तोच डबा एकदम उपडा केला तर निम्मे तेल जमिनीवर. तेल तेवढेच, नरसाळेही तेच, भेद केवळ धारेचा! समजा, गावठाणाचे 10 हेक्टर क्षेत्र आहे आणि त्यावरील 80 टक्के पाणी वाहून नालीत येते. तर 60 मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडल्यास सेकंदाला सुमारे 55 लिटर पाणी येईल, आणि तोच तासाभरात कोसळल्यास 1,300 लिटरांहून अधिक. किती पडला यापेक्षा किती वेळात पडला, हे मी पुन्हा सांगतो, कारण नाल्यांची अंदाजपत्रके करताना नेमके हेच विसरले जाते.

मग किती वेळाचा पाऊस धरावयाचा? टोकाच्या घराचे पाणी नालीच्या मुखाशी यावयास जितकी मिनिटे लागतात, तितक्या मिनिटांच्या सरीची तीव्रता हिशेबास धरावयाची. आणि ती स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून काढावी लागते, सकाळी साडेआठला एकदा वाचलेल्या मापावरून नव्हे. नोंदीही जवळच्याच हव्यात: 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74. मग दूरच्या शहराचे पावसाचे कोष्टक आपल्या गावास कसे लागू पडावे? 22 जुलै 2023 चा पूर आपल्याच भागातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी भोगलेला आहे. थोड्या वेळात कोसळलेला पाऊस काय करतो, हे त्यांना अधिक काय सांगावे!

शिवाय ‘25 वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ यंदा आला, म्हणून पुढली 24 वर्षे निश्चिंती, असे समजू नका; दर वर्षी त्याची शक्यता 4 टक्के असतेच. आणि नालीत प्लॅस्टिक टाकणाऱ्या मंडळींनी नरसाळ्याच्या नळीत आपणच बोळा कोंबून तेल सांडल्याची तक्रार करू नये, एवढे रागावण्याचा अधिकार मला द्यावा.

डोंगरउतारावरून गावात शिरणाऱ्या पाण्याचा हिशेब याहून निराळा आहे, पण वेळ संपल्याची खूण होत आहे. तो पुन्हा केव्हातरी. तोवर येत्या ग्रामसभेत एवढे अवश्य विचारा: नवी नाली किती मिनिटांच्या पावसासाठी मोजली आहे, आणि ते माप कोठले?