स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ हे वचन इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याने एखाद्या माणसाला जन्मभराची शिक्षा ठोठावली जाते याचे भान राहत नाही. मानसोपचाराचे शास्त्रही बराच काळ जवळजवळ याच मताचे होते. ज्याचे दुखणे व्यक्तिमत्त्वातच मुरले आहे, त्याच्यापुढे पुष्कळ चिकित्सक हात टेकीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी फिलाडेल्फिया येथे ॲरन बेक यांच्या हाताखाली काम केले. विचारातील चूक उमगली की भावना निवळते, हे बेक यांच्या पद्धतीचे सूत्र. काही रुग्णांना मात्र ते लागू पडेना. चूक बुद्धीला पटे, मनाला पटत नसे. याचे मूळ यंग यांनी बालपणात शोधले. मुलाला सुरक्षितता, माया, मोकळीक आणि मर्यादाही लागतात. त्या न लाभल्यास ‘मला सारे सोडून जातील’ किंवा ‘माझ्यातच खोट आहे’ असा साचा मनात घट्ट होतो. यालाच ‘स्कीमा’ म्हणतात. असे अठरा साचे यंग यांनी सांगितले आहेत.

समजा, एखाद्या स्त्रीचा पती अर्धा तास उशिरा घरी येतो. लहानपणी पोरकेपण भोगलेल्या तिच्या मनाला तो उशीर वाटत नाही, त्याग वाटतो. ती आकांत करते, पती दुरावतो, आणि साचा अधिकच खरा ठरतो.

उपचारात हे चक्र तोडावयाचे असते. रुग्ण डोळे मिटून जुना प्रसंग आठवतो. कल्पनेतच चिकित्सक तेथे शिरतो आणि त्या भेदरलेल्या मुलाची बाजू घेतो. कधी समोरच्या रिकाम्या खुर्चीत मनातला कठोर पालक बसला आहे असे मानून त्याला उत्तर दिले जाते. व्यवसायाच्या मर्यादा सांभाळून चिकित्सक काही काळ पालकाची उणीव भरून काढतो. पुढे हे काम रुग्णातील समंजस प्रौढाने स्वतः करावे, हा हेतू.

नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्वविकाराच्या ८६ रुग्णांवर आठवड्यातून दोनदा, तीन वर्षे उपचार झाले. या पद्धतीने सुमारे ४५ टक्के रुग्ण बरे झाले. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे २४ टक्के. उपचार अर्ध्यावर सोडणारेही या पद्धतीत कमी होते. २०१४ साली तेथेच ३२३ रुग्णांवरील अभ्यासात इतर काही व्यक्तिमत्त्वविकारांतही या पद्धतीचा गुण दिसला.

अर्थात निम्म्याहून अधिक रुग्ण तेव्हाही पूर्ण बरे झाले नव्हते, हे विसरून चालणार नाही. हा मार्ग लांबचा आहे, आणि त्याला प्रशिक्षित चिकित्सक लागतो. झालेले बालपण पुसता येत नाही. परंतु स्वभाव म्हणून ज्याच्यावर शिक्का मारला जातो, ती पुष्कळदा एके काळी जगण्यासाठी उभारलेली ढाल असते. ती खाली ठेवावयास धीर देणारे कोणी भेटले, तर स्वभावालाही औषध आहे.