अश्वगंधेसाठी जिवाणू खत



अश्वगंधेचं मूळ विकलं जातं आणि तेच औषध म्हणून माणसाच्या पोटात जातं. म्हणून अनेकजण हे पीक रासायनिक खताशिवाय घेऊ पाहतात. त्यांनी दुकानात रायझोबियम मागू नये; ते डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करतं, इथे त्याचा उपयोग नाही. इथे हवं ॲझोटोबॅक्टर, हवेतला नत्र स्थिर करणारं, आणि जोडीला स्फुरद विरघळविणारे जिवाणू. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असतो, पण चुन्याशी जखडलेला. हे जिवाणू आम्ले सोडून तो मोकळा करतात.

हेक्टरी पाभरीने पेरायला सुमारे 5 किलो बियाणे पुरते. बी फार बारीक असते. गुळाचे थंड पाणी जास्त झाले की त्याचे गोळे होतात, मग पाभरीतून बी पडतच नाही! म्हणून संवर्धक जेमतेम ओले करून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. तांबेयुक्त बुरशीनाशक मात्र त्याच भांड्यात कालवू नये.

पाकिटात जिवंत जीव आहेत हो! तापलेल्या पत्र्याखाली ठेवलंत तर पेरणीपर्यंत नुसती भुकटी उरेल. वापराची अंतिम तारीख बघूनच पाकीट घ्या. आणि कुजलेलं शेणखत टाळू नका, कारण ॲझोटोबॅक्टरला खायला सेंद्रिय पदार्थच लागतो. पाणी साचणाऱ्या वावरात मात्र हे पीक घेऊच नये. तिथे मूळच कुजतं.