उद्योगशाळेचें कुलूप

कित्येक माध्यमिक शाळांच्या आवारांत, मुख्य इमारतीपासून जरा दूर, पत्र्याच्या छपराची एक खोली आढळते. दारावर उद्योगशाळेची पाटी असते आणि पाटीखालीं कुलूप असतें. आंत सुतारकामाचीं लांब मेजें, कांहीं कानशी व करवती, एखादें लेथ यंत्र, आणि या सर्वांवर धूळ. ही सामुग्री कोणी तरी मोठ्या उमेदीनें आणलेली असते. मग कुलूप कां लागतें? या लहानशा प्रश्नांत एका फार जुन्या प्रश्नाचें बीज आहे.

माध्यमिक शाळेंत धंदेशिक्षण द्यावें हा विचार आजचा नव्हे. १८८२ च्या हंटर आयोगानें वरच्या वर्गांत दोन वाटा सुचविल्या होत्या. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार व इतर व्यवहारोपयोगी धंद्यांकडे नेणारी. याच आयोगाला दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळेंत शेतीचें मूलज्ञान शिकवावें अशी मागणी केली होती. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाला शिक्षणाचें केंद्र मानलें. १९४४ च्या सार्जंट योजनेंत तांत्रिक हायस्कूल होतें. १९५३ च्या मुदलियार आयोगाच्या अहवालांत बहुउद्देशीय शाळा होत्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानें तर १९९५ पर्यंत उच्च माध्यमिक वर्गांतील शेंकडा २५ विद्यार्थी या वाटेनें न्यावयाचे असें ठरविलें. १९९२ सालीं ती मुदत २००० पर्यंत वाढविण्यांत आली, आणि तेव्हांहि संकल्प सिद्धीस गेला नाहीं. २०२० च्या धोरणानेंच नमूद केलें आहे कीं, १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकीं रीतसर धंदेशिक्षण मिळालेले लोक शेंकडा पांचहूनहि कमी असल्याचा अंदाज बाराव्या पंचवार्षिक योजनेंत होता.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकच उपदेश होत असूनहि तो अंगीं लागत नसेल, तर दोष केवळ ऐकणाऱ्यांचा नसावा. अडचणी कोठें आहेत हें नीट पाहिलें पाहिजे.

पहिली अडचण शिक्षकाची. ज्याच्या हातांत कसब असतें त्या मिस्त्रीपाशीं पदवी नसते, आणि ज्याच्यापाशीं पदवी असते त्याला रंधा धरण्याची संवय नसते. दोन्ही गुण एकत्र असलेला मनुष्य कारखान्यांत अधिक मिळवितो. तो शाळेंत कां येईल? त्यांतून अनेक ठिकाणीं या शिक्षकाची नेमणूक कराराची असते. ज्याची स्वतःचीच नोकरी स्थिर नाहीं, त्यानें मुलांना स्थिर उपजीविकेचा मार्ग दाखवावा अशी ही अपेक्षा आहे.

दुसरी अडचण सामुग्रीची व वेळेची. बीजगणितास खडू पुरतो; सुतारकामास दरवर्षीं नवें लांकूड लागतें. यंत्रासाठीं पैसा एकदां मिळतो, परंतु लोखंड, वीज, दुरुस्ती यांचा खर्च कायमचा असतो. एका लेथपुढें तीस मुलें आणि चाळीस मिनिटांचा तास असा हिशेब केला, तर एकेका मुलाच्या वांट्यास दीड मिनिटहि येत नाहीं. एवढ्या वेळांत हत्यार हातीं घेऊन परत ठेवणें तेवढें होतें.

तिसरी अडचण सर्वांत अवघड, कारण ती मनांत आहे. सुशिक्षितांना हाताच्या कामाचा कमीपणा वाटतो हें खरें. पण सुताराचा किंवा गवंड्याचा मुलगाहि या वर्गांत बसावयास नाखूष असतो. त्याच्या बापानें जन्मभर हत्यारें धरलीं आणि त्याचें चीज झालें नाहीं, म्हणूनच मुलाला शाळेंत घातलें. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजाजींनीं अशी योजना आणली कीं, मुलांनीं अर्धा वेळ शाळेंत शिकावें आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकण्यांत घालवावा. ती जातीचा धंदा वंशपरंपरेनें गळ्यांत बांधणारी आहे असा लोकांत क्षोभ उसळला, आणि १९५४ सालीं ती मागें घ्यावी लागली. ज्या वाटेवर फक्त गरिबाचीं किंवा नापास झालेलीं मुलें धाडलीं जातात, ती वाट गरिबाला संशयास्पद वाटली तर नवल नाहीं.

जर्मनीचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. तेथें उमेदवार आठवड्यांतील बहुतेक दिवस कारखान्यांत वा पेढींत शिकतो, एकदोन दिवस शाळेंत जातो, आणि शिकण्याच्या काळांतहि मालक त्याला वेतन देतो. म्हणजे तेथें शाळेनें कारखान्याची नक्कल केलेली नाहीं. कारखान्यानेंच शिकविण्याची जबाबदारी उचलली आहे. हा भाग सोडून केवळ अभ्यासक्रम आणला, तर कुलूपच पदरीं पडतें.

तरीहि आपल्याकडे आशेस जागा आहे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कालबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून माध्यमिक शाळांत आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतून एक संबंध दिवस हातानें काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलें गांवाच्या उपयोगाची कामें करतात, आणि शिकविण्यास गांवांतील कसबी माणसांना बोलाविलें जातें. दिवसाचा तुकडा न पाडल्यामुळें वेळ मिळतो, खऱ्या कामामुळें माल वाया जात नाहीं, आणि सर्वच मुलें एकत्र शिकत असल्यानें कोणी कमी प्रतीचा ठरत नाहीं.

यांत एक गोष्ट मात्र संभाळावी लागेल. आज हत्यार धरणाऱ्या मुलास उद्यां पदवीचें दार बंद होतां कामा नये. ज्या वाटेवरून परत फिरतां येत नाहीं, त्या वाटेस शहाणा बाप आपलें मूल लावणार नाहीं, आणि त्यानें लावूंहि नये.

धंदेशिक्षणाची स्तुति करणाऱ्या सुशिक्षित घरांत एक प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. हें शिक्षण इतकें हिताचें असेल, तर त्या खोलींत आपला मुलगा किंवा मुलगी आठवड्यांतून एक दिवस कां नसावी? ज्या दिवशीं डॉक्टराचें व सुताराचें मूल एकाच मेजापाशीं उभें राहील, त्या दिवशीं यंत्र बंद पडलें कीं शाळेकडे तक्रार जाईल, लांकूड संपलें कीं तें आणावें लागेल, आणि कुलुपाची किल्ली शोधण्याची पाळी येणार नाहीं.