रक्तदाब आणि मिठाचा हिशेब



रक्तदाब वाढला म्हणजे डोकें दुखेल, चक्कर येईल, तेव्हां पाहूं, अशी पुष्कळांची समजूत असते. हा विकार बहुधा तशी सूचना देत नाहीं. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाढतो, आणि अर्धांगाचा झटका आला किंवा मूत्रपिंडें बिघडलीं म्हणजे मग घरांत धांवपळ सुरू होते. म्हणून प्रकृति ठणठणीत असतांनाच तो मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावें. स्टेशनचा जिना धांवत चढून आल्याबरोबर हात पुढें केला, तर आंकडा फसवा येणारच. निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर डॉक्टरांकडे जाण्यांत हयगय करूं नये.

परंतु आज मला मुख्यतः बोलावयाचें आहे तें मिठाविषयीं. मीठ अधिक झालें कीं शरीर पाणी धरून ठेवतें, रक्तवाहिन्यांतील रक्ताचें आकारमान वाढतें आणि दाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आंतच, मीठ खावें.

आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. तें येथें कामीं येतें. घरांत मोठीं माणसें चार. दरडोई ५ ग्रॅम, म्हणजे दिवसास २० ग्रॅम. एक किलोचा पुडा ५० दिवस पुरावयास हवा. गृहिणींनीं पुडा फोडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून पाहावी. तो तीस दिवसांतच संपला, तर दरडोई ८ ग्रॅमहून अधिक मीठ उठलें. त्यांतलें थोडें इतर कामीं गेलें असेल, तें वजा करा. पण विकतचें लोणचें, पापड, पाव आणि फरसाण यांतील मीठ या हिशेबांत आलेलेंच नाहीं.

आणि आमच्या भागांत तेंच फार. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आली व पुढल्या वर्षीं कल्याणास पोहोंचली. मागाहून डोंबिवलीहि तिच्याच आधारानें वाढली. सकाळीं लोकल गांठावयाची, दिवसभर खुर्चींत बसावयाचें, आणि सायंकाळीं उतरल्यावर वडापाव खाऊन, शेवेची पुडी घेऊन घर गांठावयाचें, हा हजारोंचा नेम आहे. खारवलेलें सुकट-बोंबील, कोकमाचें आगळ, पापडांतील पापडखार, सर्वांत सोडियम आहे. सैंधव निरुपद्रवी, असें अनेक घरांत मानतात. परंतु सैंधव म्हणजेहि मीठच.

एकदम अळणी जेवण वाढलें तर घरांत असंतोष माजेल. दर आठवड्यास चिमूटभर कमी करावें. कांहीं आठवड्यांत जिभेला तेंच रुचूं लागतें. लिंबू, लसूण, मिरें आणि सुकें आमसूल यांनीं उणीव बरीचशी भरून निघते. पानांत मीठ वाढण्याची चाल तेवढी खुशाल मोडावी. बाजारांत पोटॅशियमयुक्त मीठ मिळतें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं तें डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊं नये.

चालण्याविषयीं अधिक सांगत नाहीं. घर ते स्टेशन रिक्षा सोडली, आणि सुटीच्या दिवशीं मासुंदा तलावाभोंवतीं किंवा कल्याणच्या काळ्या तलावाभोंवतीं झपझप फेऱ्या घातल्या, तर आठवड्याचीं १५० मिनिटें सहज भरतात. तंबाखू मात्र साफ सोडावी.

औषधी मुळ्यांविषयीं पुष्कळ जण विचारतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि जगाचें लक्ष तिकडे वेधलें, हें खरें. तथापि तिच्यांतील औषधी द्रव्यानें कांहीं रोग्यांस मनाची उदासीनता येते. आज अधिक निर्धोक गोळ्या उपलब्ध आहेत. मीठ कमी केल्यानें आंकडा उतरला, तरी चालू गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. ती कमी करावी कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं घरच्या नोंदी पाहून ठरवावयाचें आहे. त्यासाठीं आंकडा तारीखवार वहींत टिपून ती सोबत न्यावी.