मुलाबरोबर वाढणारा स्वेटर

मी काळेवाडीहून बोलतेय. आमची महापालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. तिथे विणकामाचा स्टॉल लावायचा म्हटलं की गटात एक प्रश्न हमखास येतो. लुधियानाचे मशीनवरचे स्वेटर रस्त्यावर स्वस्तात मिळतात, मग आपला कोण घेणार? किमतीत आपण मशीनला हरवू शकत नाही. पण वाढत्या मुलाला दुसऱ्या वर्षीही होईल असा स्वेटर आपण देऊ शकतो. तो म्हणजे गळ्यापासून खाली विणलेला रॅगलन पुलओव्हर.

रॅगलनमध्ये बाहीला वेगळा मुंढा नसतो. बाही थेट गळ्यापर्यंत जाते. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन या इंग्रज सेनापतीवरून हे नाव पडलं, असं सांगतात.

आता हिशेब. आधी चार इंचाचा नमुना विणा. समजा, इंचाला पाच टाके आणि सात फेऱ्या बसल्या. मुलाची छाती २२ इंच असेल, तर स्वेटर साडेपंचवीस इंचाचा धरा. वायरच्या गोल सुईवर सैल हाताने ७२ टाके घाला, म्हणजे गळा डोक्यातून सहज जाईल. इंचभर सुलट-उलट बॉर्डर करा. मग वाटणी करा: पुढे २४, मागे २४, दोन्ही बाह्यांना १२-१२. चारही जोडांवर रंगीत दोऱ्याची खूण बांधा. एका फेरीत प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा, म्हणजे फेरीला आठ. पुढची फेरी साधी. असं १८ वेळा केलं की २१६ टाके होतात. बाह्यांचे ४८-४८ टाके दोऱ्यावर काढून ठेवा. दोन्ही काखांत चार-चार टाके नवे घाला. अंगाचे १२८ टाके झाले. आता सरळ खाली विणत जा. बाह्या नंतर. शिवण कुठेच नाही, आणि मधेच मुलाच्या अंगाला लावूनही बघता येतं.

खरा फायदा पुढच्या थंडीत. मूल आधी उंच होतं. स्वेटर खालून वर विणला असेल, तर सुरुवातीची कड सहज उसवत नाही. आपल्या स्वेटरची मात्र शेवटची कड खालीच असते. बॉर्डर उसवा, टाके सुईवर घ्या, दोन-तीन इंच विणा, पुन्हा बॉर्डर करा. बाह्यांचंही तसंच. रुंदी वाढत नाही, म्हणून छाती पहिल्यापासून सैल ठेवायची.

यासाठी गटाची वही हवी. मुलाचं नाव, मापं, टाके, सुईचा नंबर, लोकरीचा रंग आणि लॉट नंबर लिहा. त्याच लॉटचा एक गुंडा जपून ठेवा. दुसऱ्या लॉटचा रंग थोडा वेगळा निघतो आणि जोड दिसतो.

शेवटचं, पैशांचं. आपण लोकरीचे पैसे धरतो आणि हाताचे सोडून देतो. समजा लोकर ३०० रुपयांची, काम २० तासांचं. तासाला ४० रुपये धरले तरी मजुरी ८०० होते. स्वेटर ११०० रुपयांचा झाला. गिऱ्हाईक महाग म्हणेल. तेव्हा वही उघडून दाखवा आणि सांगा, "ताई, पुढच्या वर्षी घेऊन या, लांबी वाढवून देऊ." त्या कामाचे पैसे आजच ठरवा आणि पावतीवर लिहून द्या. शब्द पाळलात, तर तेच गिऱ्हाईक धाकट्याचंही माप घेऊन येईल.