शस्त्राइतकाच सरावही हवा

(पाथर्डी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मोहटादेवीच्या या दुष्काळी तालुक्यातील अनेक तरुण पहाटेच्या अंधारात धावतात, ते पोलीस भरतीसाठी. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक यांतून वर्दी मिळते. कमांडो घडतो तो त्यानंतरच्या अखंड सरावातून.

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर जिहादी आक्रमण झाले. गिरगाव चौपाटीवर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून गोळ्या अंगावर झेलल्या. अशोकचक्र देऊन राष्ट्राने त्यांच्या शौर्याला वंदन केले. परंतु राम प्रधान समितीने दुसरी बाजूही नोंदवली. मुंबई पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकाला दारूगोळ्याअभावी वर्षाहून अधिक काळ गोळीबाराचा सरावच मिळाला नव्हता. उणीव शौर्याची नव्हती, व्यवस्थेची होती.

त्यातूनच 'फोर्स वन' उभे राहिले. अशा पथकाचे प्राथमिक पाठ साधे, पण कठोर असतात. लक्ष्य निश्चित होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. खोलीत शिरताना प्रत्येकाने आपापला कोपरा सांभाळायचा. ओलीस कोण आणि अतिरेकी कोण, हे क्षणार्धात ओळखायचे. जखमी सहकाऱ्याचा रक्तस्राव तत्काळ थांबवायचा. हे पाठ शेकडो वेळा गिरवले, तरच संकटात हात आपोआप चालतो. नित्य साधनेचे मोल शाखेत जाणाऱ्या स्वयंसेवकाला वेगळे सांगावे लागत नाही.

गडचिरोलीत 1990 मध्ये स्थापन झालेल्या 'सी-60' पथकाने आणखी एक गोष्ट शिकवली. तेथे जिल्ह्यातीलच तरुण निवडले गेले. रान आणि गोंडी बोली त्यांना जन्मतःच अवगत होती. प्रशिक्षणाने त्याला शिस्तीची जोड दिली. याच जिल्ह्यात 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 जवान आणि वाहनचालक हुतात्मा झाले. रस्ता तपासल्याविना वाहन पुढे न्यायचे नाही, हा पहिल्या धड्यातला नियम किती मोलाचा आहे, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले.

हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहणे हे आपले कर्तव्यच आहे. त्याबरोबरच प्रत्येक नागरिकाने लोकप्रतिनिधींना एक प्रश्न विचारावा : आमच्या जवानाने यंदा सरावात किती गोळ्या झाडल्या? ज्या माउलीने आपला मुलगा या पथकात धाडला, तिला याचे उत्तर मिळालेच पाहिजे.

भारत माता की जय!