हरवलेल्या ड्रोनचा माग



आम्ही आयुष्यभर कामगार संघटनेचे काम केले, तेव्हा आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. ड्रोन आणि युनियन यांचा काय संबंध? संबंध इतकाच, की ड्रोन आपोआप उडत नाही. त्याच्याखाली कुठेतरी बांधावर, हातात रिमोट घेऊन, मजुरीवर लावलेला एक माणूस उभा असतो. यंत्र आकाशात नाहीसे झाले, म्हणजे सगळ्यांच्या नजरा आकाशावरून खाली त्या माणसाकडे वळतात. ड्रोनला मागकाढे यंत्र, म्हणजे आपण सारे ज्याला 'ट्रॅकर' म्हणतो ते, कसे बांधावे आणि का बांधावे, हे आज सांगावयाचे आहे. त्यातले शास्त्र आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. ड्रोन चालविणाऱ्या पोरांच्या शेजारी बसून शिकलो.

ही पोरे आता थोडीथोडकी नाहीत. २०२० साली 'स्वामित्व' योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनने सुरू झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, असे तिचे स्वरूप. म्हणजे यंत्र दहा लाखांच्या आसपासचे, आणि उरलेला पैसा कर्जाचा. गटातल्या बाईने असे यंत्र उसावर सोडले आणि ते परत आलेच नाही, तर कर्जाचा हप्ता काही त्याच्याबरोबर हरवत नाही.

ड्रोन हरवते कसे? लोकांना वाटते, चालविणाऱ्याचे लक्ष नव्हते. कधी तसे असतेही. पण साधा हिशेब करून पाहा. वारा नसताना ड्रोन सेकंदाला १० मीटर जाते असे धरू, आणि वारा ८ मीटरचा आहे. वाऱ्याबरोबर एक किलोमीटर जायला त्याला एक मिनिटही लागत नाही. परतताना मात्र त्याचा खरा वेग उरतो सेकंदाला २ मीटर, आणि तोच किलोमीटर कापायला लागतात आठ मिनिटांहून अधिक. जाताना बॅटरी भरलेली दिसली म्हणून निश्चिंत राहिलेला माणूस येताना फसतो. दुसरे कारण होकायंत्राचे. ड्रोनच्या पोटात दिशा दाखविणारे एक बारीक होकायंत्र असते. जीपच्या टपावरून, सळया घातलेल्या स्लॅबवरून, किंवा लोखंडी मनोऱ्याच्या अगदी जवळून उड्डाण केले की ते बिचकते. मग ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी गोल फिरू लागते, आणि ते गोल मोठे मोठे होत जातात. तिसरे कारण असे, की रिमोटचा संबंध तुटला म्हणजे ड्रोन आपण होऊन 'घरी' परतते खरे, पण घर म्हणजे उड्डाणाच्या वेळी त्याने नोंदविलेली जागा. ती नोंद नीट होण्याआधीच घाईने उडविले, तर परतायचे कुठे हे त्याला कळत नाही. आणि घाई कोण करवितो? एकरावर मजुरी ठरली, की घाई आपोआप होते.

आता पडलेले ड्रोन शोधणे. माळरानावर पडले तर प्रश्न नाही. पण आमच्या कृष्णाकाठी ते पडते उसात. दहा फूट उंचीच्या उसाच्या फडात तीन पावलांवरचा माणूस दिसत नाही, तिथे पाचटाखाली गेलेले यंत्र काय दिसणार! पाने अंगाला कापतात, सरीत पाणी असते, आणि दोन सऱ्या चुकल्या की आपण कुठे पाहिले नि कुठे नाही याचा पत्ता लागत नाही.

म्हणून ट्रॅकर. परंतु त्याच्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, 'जीपीएस लावला की उपग्रहाला कळते.' उपग्रहाला काहीही कळत नाही. ते वीस हजार किलोमीटर उंचीवरून नुसते सांगत असतात, ऐकत नाहीत. खालचे यंत्र त्यांचे बोलणे ऐकून आपली जागा आपणच काढते. ती जागा तुमच्यापर्यंत पोचविणे हे दुसरेच काम, आणि त्याला दुसरीच सोय लागते. जुन्नर-अकोल्याकडचे लोक हे लवकर समजतात, कारण त्यांनी बिबट्यांच्या गळ्यातले पट्टे पाहिले आहेत. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात असा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलात पोचला, आणि ही वाटचाल कळली ती पट्ट्यामुळे. पट्टा उपग्रहांवरून जागा काढी आणि मोबाईलच्या जाळ्यातून ती कळवी. कळणे आणि कळविणे, ही दोन कामे वेगळी ठेवा. ट्रॅकर विकत घेताना निम्मी फसवणूक तिथेच टळते.

कळविण्याच्या तऱ्हा तीन-चार आहेत. बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती नाण्याएवढी ब्लूटूथची चकती. वजन दहा-अकरा ग्रॅम, बॅटरी वर्षभर चालते. पण ती स्वतः लांब काही कळवीत नाही. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने तिची हाक ऐकावी आणि पुढे पोचवावी, अशी तिची रीत. लक्ष्मी रोडवर ती उत्तम. उसाच्या फडात फोन घेऊन कोण फिरतो? शिवाय तिच्यातल्या बारीक कर्ण्यात लोहचुंबक असते. होकायंत्राजवळ चिकटवाल तर हरवू नये म्हणून बांधलेली वस्तूच हरविण्यास कारण व्हायची.

दुसरी तऱ्हा सिमकार्डाच्या ट्रॅकरची, मोटारसायकलला लावतात तसल्या. बागायती पट्ट्यात, जिथे रेंज आहे, तिथे आमचा कौल यालाच. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. जुन्या पद्धतीचा २जी ट्रॅकर घेऊन त्यात फक्त ४जीचे जाळे असलेल्या कंपनीचे सिम घातले, तर तो मुका राहतो. आणि तो किती वेळाने जागा कळवितो हे ठरवून द्यावे लागते. विकताना तो बहुधा मिनिटाला एकदा असा लावलेला असतो. मिनिटात ड्रोन ६०० मीटर जाते! ते पाच किंवा दहा सेकंदांवर आणावे. कारण उसात उलटे पडल्यावर ट्रॅकरला आकाश दिसेलच असे नाही. पडण्याआधीचा शेवटचा ठिपका हाच खरा उपयोगाचा.

घाटमाथ्यावर, दऱ्यांत रेंज नसते. तिथे रेडिओ. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा लहान यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे. एक तुकडा ड्रोनवर, दुसरा हातात. मध्ये कुणाचे जाळे नाही, भाडे नाही. शोधण्याची युक्तीही गमतीची आहे. हातातले यंत्र छातीशी धरून जागच्या जागी गरकन फिरावे. आपले शरीर यंत्र आणि ड्रोन यांच्या मध्ये आले, की आवाज मंदावतो. म्हणजे ड्रोन आपल्या पाठीमागे आहे. पन्नास पावले चालून पुन्हा फिरावे. आणि या सर्वांच्या जोडीला, जागेवर पोचल्यावर उपयोगी पडणारा, स्वतःच्या बॅटरीवर केकाटणारा एक बारीक भोंगा. गुराच्या गळ्यातल्या घंटेचे काम तो करतो. ऊस आवाज खातो, तरी जवळ गेल्यावर त्याच्याइतका भरवशाचा कोणी नाही.

बांधण्याविषयी. ट्रॅकरची बॅटरी त्याची स्वतःची हवी; ड्रोनच्या बॅटरीवर त्याला पोसू नये. आपटल्यावर पहिली निसटते ती मोठी बॅटरी, आणि नेमके त्याच क्षणापासून ट्रॅकरचे काम सुरू होते. तो वरच्या बाजूला, तोंड आकाशाकडे करून बांधावा. कार्बनच्या पत्र्याखाली झाकू नये, कारण त्यातून लहरी नीट जात नाहीत. ड्रोनच्या स्वतःच्या जीपीएसपासून आणि होकायंत्रापासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा, मात्र तोल मध्यावर राहील असे पाहून. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नये, उन्हाने ती सुटते. वरून प्लास्टिकचे बंद ओढावेत आणि त्यांची शेपटे कापून टाकावीत, नाहीतर ती पंख्यात जातात. लग्नात फोटो काढणाऱ्यांची लहान ड्रोन २४९ ग्रॅमची असतात, त्यांना एक वेगळीच अडचण. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो', त्यापुढचे दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. नॅनोला चालकाचे प्रमाणपत्र नको. मायक्रो धंद्यासाठी उडवायचे तर हवे. अकरा ग्रॅमची चकती चिकटविली, की वजन २६० आणि वर्ग बदलला!

इथवर यंत्राचे झाले. आता आमच्या पोटातले.

आमच्याकडे एक प्रकरण आले होते. ठेकेदाराचे नाव घेत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, एकरावर फवारणी करणारा. ड्रोन उसात गेले, दोन दिवस माणसे लावून सापडले नाही. ठेकेदार म्हणाला, 'यंत्र तुझ्या हातात होते, तू भर.' आणि महिन्याच्या हिशेबातून कापणे सुरू केले. मुलगा आम्हांला म्हणाला, "दादा, माझ्या हातात रिमोट होता, ड्रोन कुठं होतं?" चौकशी करताना कळले, की ठेकेदाराने चोरीच्या भीतीने यंत्राला ट्रॅकर बांधलेला होता. पण त्याची नोंद फक्त ठेकेदाराच्या फोनवर, आणि ती त्याने कुणालाच दाखविली नव्हती. समोरासमोर बसून ती उघडायला लावली. ठिपके सरळ सऱ्यांवरून चालले होते, आणि मग एकाएकी गोल. दुसरा गोल त्याहून मोठा, तिसरा आणखी मोठा. धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही, हे होकायंत्र बिघडल्याचे लक्षण. होकायंत्राची तक्रार त्या मुलाने आदल्या आठवड्यात दोनदा फोनवर लिहून पाठविली होती. शेवटचा ठिपका होता पाटाच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या फडात. यंत्र तिथेच सापडले. कापलेले पैसे परत झाले, अर्थात भांडून.

कायदा काय सांगतो? १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेतही आहे, की खास ताब्यात दिलेली वस्तू हरवली तर कपात करता येते, पण ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असेल तरच. आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच. आता हयगय झाली की नाही, हे आकाशात कोण पाहायला गेले होते? ट्रॅकर. म्हणून आमचा आग्रह, की त्याची नोंद मालकाच्या फोनवर जाते तशी चालविणाऱ्याच्या फोनवरही गेली पाहिजे. आणि एकरावर काम करणाऱ्याला 'तू कामगारच नव्हेस, तू तर स्वतंत्र धंदेवाला' असे सांगून या कायद्याच्या बाहेर ढकलतात, ते भांडण आणखी वेगळे. ते आम्ही दुसऱ्या व्यासपीठावर भांडतोच आहोत.

आमच्यातलेच काही जण म्हणतात, ट्रॅकर म्हणजे मालकाचा हेर, त्याला विरोध करा. ही भीती नवी नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरन नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याच्या लहानपणी, १९३४ साली, त्याचे वडील ज्या विमानात होते ते बासच्या सामुद्रधुनीवर नाहीसे झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्याने विमानातले बोलणे आणि यंत्रांची मापे टिपून ठेवणारी पेटी बनविली. आज आपण तिला 'ब्लॅक बॉक्स' म्हणतो, जरी ती रंगाने भडक नारिंगी असते. तिला तिथल्या वैमानिकांच्या संघटनेनेच विरोध केला, कारण आमचे बोलणे चोरून ऐकाल ही धास्ती. आम्ही त्या वैमानिकांना हसणार नाही. त्यांची धास्ती खोटी नव्हती. पेटी आली, पण ध्वनिफितीतील बोलणे अपघाताच्या तपासाखेरीज इतर कामी सहसा वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमही आला. २००९ साली अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाची पेटी २०११ मध्ये जवळजवळ चार किलोमीटर खोल समुद्रातून काढली, तेव्हा तिने वैमानिकांच्या चुका सांगितल्या, तशी वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकल्याची गोष्टही सांगितली. पेटी नसती तर दोष मेलेल्यांच्या नावावर बिनबोभाट लिहिला गेला असता.

ड्रोनच्या ट्रॅकरलाही असाच नियम हवा. तो यंत्राच्या गळ्यात राहावा, माणसाच्या नव्हे. हरवलेले शोधायला आणि का हरवले ते ठरवायला त्याची नोंद वापरावी. चहाला किती मिनिटे थांबला हे मोजायला नव्हे. २०२१ च्या नियमांतच सरकारने असे म्हणून ठेवले आहे, की पुढे प्रत्येक ड्रोनला आपली जागा, उंची, वेग आणि क्रमांक सतत कळविणारी सोय सक्तीची करता येईल, आणि तशी करताना किमान सहा महिन्यांची मुदत देऊ. ती सक्ती येईल तेव्हा नोंद कुणाच्या हाती असेल, हा प्रश्न आधीच विचारून ठेवणे आमचे काम आहे.

एक शेवटची गोष्ट, बिनखर्चाची. ट्रॅकरची बॅटरी संपते, ड्रोन काही केल्या सापडत नाही, आणि मग तोडणीच्या हंगामात ते कोयत्याखाली येते. सापडते ते बीडकडून आलेल्या टोळीतल्या कुणा बाईला. तिने ते मुकादमाला दाखविले, तर पहिला प्रश्न येतो, 'आणलेस कुठून?' तेव्हा ड्रोनच्या अंगावर, सरकारी क्रमांकाच्या शेजारी, न पुसणाऱ्या शाईने मराठीत चार ओळी लिहून ठेवा: मालकाचा फोन, चालविणाऱ्याचा फोन, 'आणून देणाऱ्यास बक्षीस', त्यापुढे बक्षिसाचा आकडा, आणि 'बॅटरी फुगली असेल तर हात लावू नये, पेट घेते.'